धूम्रपानबंदी आणि व्यक्तिस्वातंत्र्य

धूम्रपानबंदी म्हणजे ठरावीक जागी, बहुधा बंदिस्त सार्वजनिक जागी आणि कामाच्या ठिकाणी, तंबाखू ओढण्यास कायद्याने केलेली मनाई. ही तंबाखूवरची बंदी नव्हे. बहुतेक देशांत प्रौढ माणसाने सिगारेट विकत घेणे, बाळगणे किंवा ओढणे हा गुन्हा नाही. कायदा विचारतो ते एवढेच, की ती कुठे ओढली. हा फरक नजरेआड झाला की वाद भरकटतो. एक बाजू ‘माझ्या फुप्फुसाचे मी बघीन’ म्हणते, दुसरी ‘तुमच्याच भल्यासाठी सांगतोय’ म्हणते, आणि त्याच खोलीत बसलेला तिसरा माणूस विसरला जातो.

तंबाखूवर सरसकट बंदी घालून पाहिल्याचे दाखले जुने आहेत. मुघल बादशहा जहांगीर याने १६१७ साली धूम्रपानाला मनाई केली. ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने १६३३ पासून त्यासाठी देहदंडही दिला. या हुकूमांमागे राज्यकर्त्याची मर्जी आणि धाक होता, शेजारी बसलेल्याची काळजी नव्हती. आजच्या कायद्यांचे मूळ तिथे शोधण्यात अर्थ नाही.

मूळ शोधायचे तर जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाकडे जावे लागते. १८५९ सालच्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात त्याने आखलेली रेघ अशी : जाणत्या माणसावर त्याच्या मर्जीविरुद्ध जबरदस्ती करायची तर ती इतरांना होणारा अपाय टाळण्यासाठीच, त्याचे स्वतःचे भले हे कारण पुरेसे नाही. सिगारेट ओढणाऱ्याला समजवावे, विनवावे, पण अडवू नये. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला, १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने तो अधिकृतपणे मान्य केला. तरीही लगोलग धूम्रपानबंदी आली नाही. पाकिटावर इशारे आले, जाहिरातींना आळा बसला. धोका ओढणाऱ्यालाच आहे असे वाटत होते तोवर मिलच्या रेघेपलीकडे जायला सबळ कारण नव्हते.

ते कारण १९८१ साली पुढे आले. जपानमधील ताकेशी हिरायामा यांना असे आढळले की स्वतः कधीच न ओढणाऱ्या, पण ज्यांचे नवरे भरपूर ओढतात अशा स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आहे. तंबाखू उद्योगाने या अभ्यासावर झोड उठवली. पुढच्या संशोधनाने मात्र तो निष्कर्ष उचलून धरला. १९८६ च्या सर्जन जनरल अहवालाने परोक्ष धूम्रपान, म्हणजे दुसऱ्याचा धूर नाइलाजाने श्वासावाटे घेणे, हे आजाराचे कारण असल्याचे नोंदवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या धुरामुळे दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारी माणसे मरतात.

हा धूर येतो कुठून हे पाहण्यासारखे आहे. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट राखदाणीच्या काठावर नुसती टेकवलेली असते, तेव्हाही ती धुमसत असते. तिच्या टोकातून सरळ वर जाणारी निळसर रेघ ना फिल्टरमधून आलेली असते, ना कुणाच्या छातीतून. खोलीत साचणाऱ्या धुराचा मोठा वाटा या रेघेचा असतो. म्हणूनच ‘धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळी टेबले’ ही तडजोड टिकली नाही. टेबलांमध्ये रेघ ओढता येते, हवेत नाही. वायुवीजनाचे मापदंड ठरवणाऱ्या अमेरिकी अभियंता संस्थेनेही २००५ साली स्पष्ट केले, की पंखे आणि गाळण्या यांनी हा धोका नाहीसा होत नाही. इमारतीत ओढू न देणे हाच उपाय आहे.

यापुढचा युक्तिवाद मला या साऱ्या वादात सर्वांत भक्कम वाटतो, आणि त्याच्या केंद्रस्थानी गिऱ्हाईक नसून कामगार आहे. गिऱ्हाईक तासाभराने उठून जाते. वेटर मात्र आठ तास तिथेच असतो. भरलेल्या राखदाण्या उचलतो, पुसतो, पुन्हा मांडतो, आणि घरी जाताना कपड्यांत तो वास घेऊन जातो. विमानातल्या कर्मचाऱ्यांना तर दार उघडून बाहेर जाण्याचीही सोय नव्हती. अमेरिकेत १९८८ साली दोन तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांवर आलेली बंदी पुढे सगळ्या उड्डाणांपर्यंत पोहोचली, त्यात त्यांच्या लढ्याचा मोठा हात होता. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पबसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केले, तेही कामगारांच्या आरोग्याचा कायदा म्हणूनच. असे करणारा तो पहिला देश. स्कॉटलंडमध्ये २००६ च्या बंदीनंतरच्या वर्षात, पाहणी केलेल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासारख्या तक्रारींनी दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटली.

आक्षेप असा, की जागा मालकाची, गिऱ्हाईक आपखुशीने आलेले, नोकरीही कुणी लादलेली नाही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण पगार घेतला म्हणून ॲस्बेस्टॉस या घातक खनिजाची धूळ खायला कामगाराची संमती आहे, असे सुधारलेला कामगार कायदा मानत नाही. ओढणाऱ्याला द्यावी लागते ती किंमत म्हणजे दहा मिनिटे दाराबाहेर उभे राहणे. कामगाराला तेच दार वापरायचे तर रोजगार सोडावा लागतो.

न्यायालयांनी या तोलाकडे बारकाईने पाहिले आहे. ३० जुलै २००८ रोजी जर्मनीच्या संविधान न्यायालयाने म्हटले, की सरसकट बंदी संविधानाला धरून आहे. मात्र मोठ्या उपाहारगृहांना वेगळी खोली काढण्याची मुभा आणि एका खोलीच्या छोट्या पबला ती नाही, हा भेद चालणार नाही. सवलत द्यायची तर समान न्यायाने द्यावी, नाहीतर कुणालाच देऊ नये.

बंदी या पायावरून पुढे सरकते तिथे मात्र तिला नवे कारण द्यावे लागते. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०१५ पासून लहान मुले बसलेल्या खासगी मोटारीत ओढण्यास मनाई केली. इथे कारण शोधावे लागत नाही, कारण मुलांना उतरून जाता येत नाही. न्यूयॉर्क शहराने २०११ साली उद्याने आणि समुद्रकिनारेही बंदीखाली आणले. मोकळ्या हवेत धूर झपाट्याने विरतो, आणि मग थोटकांचा कचरा, मुलांपुढचा आदर्श अशी कारणे पुढे येतात. ती खोटी नाहीत, पण ती वेटरच्या फुप्फुसाइतकी वजनदारही नाहीत, हे समर्थकांनी मान्य केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना २००५ पासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीवर घेत नाही. इथे प्रश्न हवेचा उरला नाही, माणसाचाच झाला.

व्यसनाचा मुद्दा वेगळा. मिलनेच म्हटले आहे, की स्वतःला गुलाम म्हणून विकण्याची मोकळीक स्वातंत्र्याच्या तत्त्वात बसत नाही. निकोटिनची पकड पाहता, आणि बहुतेकांना ती कोवळ्या वयात लागते हे पाहता, ओढणे ही मुक्त निवड किती, असा प्रश्न विचारला जातो. पण गुलामाला सुटता येत नव्हते. सिगारेट सोडलेली माणसे लक्षावधी आहेत. नव्या पिढीला ही पकड बसूच नये म्हणून न्यूझीलंडने २००९ पासून जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकू नये असा कायदा २०२२ साली केला आणि २०२४ साली, अमलात येण्याआधीच, मागे घेतला. मालदीवने २००७ पासून जन्मलेल्यांसाठी तशीच बंदी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू केली.

सर्वांत अवघड प्रकरणे त्यांची, ज्यांच्यासमोरचे दार कुलूपबंद असते. इंग्लंडमधील रॅम्प्टन या कडेकोट बंदोबस्ताच्या मनोरुग्णालयातील रुग्णांनी म्हटले, की आम्हाला बाहेर जाता येत नाही, हेच आमचे घर आहे. घरात ओढण्याचा हक्क आम्हालाही हवा. २००९ साली अपील न्यायालयाने बहुमताने त्यांची मागणी फेटाळली. स्कॉटलंडमधील कारस्टेअर्स या तशाच मनोरुग्णालयाच्या प्रकरणात २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओढण्यावरची बंदी वैध ठरवली. तंबाखू बाळगण्यास मनाई, त्यासाठीची झडती आणि जप्ती मात्र मनोरुग्णांसाठीच्या कायद्याने घालून दिलेली बंधने पाळून झालेली नाही म्हणून बेकायदा ठरवली.