२६ तारीख खरंच घातवार आहे का?

भुज भूकंप २६ जानेवारी २००१, त्सुनामी २६ डिसेंबर २००४, मुंबईतला महापूर २६ जुलै २००५, मुंबईवरचा हल्ला २६ नोव्हेंबर २००८. म्हणून २६ तारीख अशुभ, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय.

तारखा खऱ्याच आहेत, त्यामुळे वाचून धस्स होणं साहजिक आहे. पण यादीत काय गाळलंय तेही बघा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३, कोयनेचा ११ डिसेंबर १९६७.

आता १२ तारीख घ्या. पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला, मुंबईतले बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३ला, चीनमधला सिचुआनचा भूकंप १२ मे २००८ला, हैतीचा १२ जानेवारी २०१०ला. म्हणजे १२ तारखेचीही तेवढीच भीतिदायक यादी तयार होते! प्रत्येक तारीख वर्षातून बारा वेळा येते (२९, ३०, ३१ सोडून), आणि जगाचा इतिहास मोठा आहे. हवी ती तारीख धरून वेचलं की घटना सापडतातच.

शिवाय त्सुनामीचा तो भूकंप झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये २५ डिसेंबरची संध्याकाळ होती. जमिनीखालच्या हालचालींना आपलं कॅलेंडर कुठून कळणार? आणि राज्यघटना स्वीकारली तो दिवसही २६ नोव्हेंबरच, १९४९चा.

असा मेसेज आला की दुसरी कुठलीही तारीख निवडून स्वतः यादी करून बघा.