हायवे ६१ ची ट्रिप आणि त्यामागचं जुनं भांडण

गिटार वाजवणारं कुणी अमेरिकेत गेलं की एक ट्रिप त्याच्या डोक्यात असतेच. न्यू ऑर्लिन्सला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, हायवे ६१ धरून मिसिसिपी राज्यातून क्लार्क्सडेल, तिथून मेम्फिस, वेळ उरला तर ट्युपेलोला वाट वाकडी करून एल्विसचं दोन खोल्यांचं घर, आणि मग वर शिकागो किंवा क्लीव्हलँड. एल्विस कोण, चक बेरी कोण हे सांगत बसत नाही. पण या वाटेवर दोन-तीन गावं छातीठोकपणे सांगतात की रॉक अँड रोल आमच्याकडे जन्मलं, आणि ट्रिपला निघण्याआधी ते भांडण कळलेलं बरं, नाहीतर नुसते पाट्यांपुढे फोटो काढून परत येणं होतं.

जुना भाग थोडक्यात. मिसिसिपी डेल्टात कापसाची शेती, तिथे राबणाऱ्या काळ्या लोकांचे ब्लूज म्हणजे दुःखाची-कष्टाची गाणी, चर्चमधलं गॉस्पेल, आणि मग पोटापाण्यासाठी उत्तरेकडे जाणारे लोंढे. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या मळ्यावरून शिकागोला गेला तो याच लाटेत. न्यू ऑर्लिन्सच्या एका छोट्या स्टुडिओत फॅट्स डॉमिनोने डिसेंबर १९४९ मध्ये पहिलं रेकॉर्डिंग केलं आणि तिथेच सप्टेंबर १९५५ मध्ये लिटल रिचर्डने गळा फाडून गायलं. ते गाणं किती लांब पोचलं म्हणाल तर पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत पन्नासच्या दशकाच्या शेवटी पोरांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता, पियानोवर फारुख बुलसारा म्हणजे पुढचा फ्रेडी मर्क्युरी, आणि ती पोरं लिटल रिचर्ड वाजवायची.

आता १९५१ वर येतो, कारण माझ्या मते सगळी ट्रिप या एका सालावर उभी आहे. मार्च महिना, क्लार्क्सडेलचा एक बँड, म्होरक्या आइक टर्नर, वय १९. ही पोरं वाद्यं गाडीत कोंबून हायवे ६१ ने मेम्फिसला निघाली, अंतर साधारण १२० किलोमीटर. वाटेत गिटारच्या अँपची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याची, वाट लागली. कुणी म्हणतं गाडीच्या टपावरून पडला, कुणी म्हणतं डिकीत पावसाचं पाणी शिरलं. स्पीकरचा कोन फाटलेला. दुरुस्तीला वेळ नव्हता, पैसेही नव्हते, म्हणून स्टुडिओत त्या फाटक्या कोनात कागद कोंबला आणि तसाच वाजवला. जो घरघरता, चिरका, सॅक्सोफोनसारखा जाड आवाज आला तो स्टुडिओच्या मालकाला आवडला आणि त्याने तो लपवायच्या ऐवजी पुढे आणला. गणपतीच्या मांडवात फाटक्या कर्ण्यावर गाणी ऐकलेल्या माणसाला तो आवाज लगेच ओळखू येईल. पुढे लोकांनी हाच आवाज काढायला पायाने दाबायचे पेडल विकत घेतले!

गाणं होतं रॉकेट ८८, एका ओल्ड्समोबिल गाडीचं कौतुक करणारं. म्हणजे गाणं गाडीवरचं, जमलं क्लार्क्सडेलला, बिघडलं रस्त्यात, रेकॉर्ड झालं मेम्फिसला, तबकडी काढली शिकागोच्या कंपनीने आणि जूनमध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे तेव्हाच्या काळ्या लोकांच्या संगीताच्या, यादीत एक नंबरला. तबकडीवर नाव मात्र गाणाऱ्या सॅक्सोफोनवाल्याचं, जॅकी ब्रेन्स्टन अँड हिज डेल्टा कॅट्स, आणि या नावाचा बँडच अस्तित्वात नव्हता. आइक टर्नरचा बँड त्यात कुठेच नाही. हे मला आजही खटकतं.

मेम्फिसची ती खोली म्हणजे ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू, जिला आज सन स्टुडिओ म्हणतात. तिथेच ५ जुलै १९५४ ला एल्विसने दोन वादक घेऊन, ड्रमशिवाय, दॅट्स ऑल राइट गायलं. ते गाणं मूळचं आर्थर क्रुडपचं, मिसिसिपीचाच काळा गायक, १९४६ चं रेकॉर्डिंग, आणि त्याला हक्काचे पैसे मरेपर्यंत नीट मिळाले नाहीत. २००४ मध्ये मेम्फिसने रॉक अँड रोलची ५० वर्षं धूमधडाक्यात साजरी केली. म्हणजे मोजणी १९५४ पासून! त्याच खोलीत तीन वर्षं आधी काळ्या पोरांनी जे वाजवलं ते मोजणीतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकलं. एल्विस मोठाच, त्याबद्दल वाद नाही, पण वाढदिवस तरी खरा धरा.

आणि मग क्लीव्हलँड. इथे गुंता खरा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुलै १९५१ मध्ये, म्हणजे रॉकेट ८८ जोरात असतानाच, क्लीव्हलँडच्या रेडिओवर एका गोऱ्या निवेदकाने रात्री उशिरा काळ्या कलाकारांच्या तबकड्या लावायला सुरुवात केली, स्वतःला तो मूनडॉग म्हणवायचा. २१ मार्च १९५२ ला त्याने मोठा जलसा ठेवला, जागा दहा हजारांची, गर्दी त्याच्या दुप्पट, आणि कार्यक्रम सुरू होतो न होतो तोच तो बंद करावा लागला. याला पहिली रॉक कॉन्सर्ट म्हणतात. रॉक अँड रोल हे शब्द तो रेडिओवर सारखे वापरायचा, पण शब्द त्याचे नव्हेत, काळ्या लोकांच्या बोलीत ते कधीचे होते, अर्थ चावटही आणि चर्चमधल्या झिंगेचाही, आणि १९२२ च्या एका ब्लूज तबकडीच्या नावात रॉक आणि रोल दोन्ही आहेत. १९५४ मध्ये हा निवेदक न्यूयॉर्कला गेला, तिथे मूनडॉग नावाचा एक रस्त्यावर वाजवणारा संगीतकार आधीच होता, त्याने कोर्टात केस केली आणि जिंकली, मग कार्यक्रमाला नवं नाव हवं म्हणून रॉक अँड रोल पार्टी. म्हणजे कार्यक्रमाचं नाव म्हणून हे शब्द पक्के झाले ते कोर्टाच्या निकालामुळे आणि तेही न्यूयॉर्कला.

तरीही १९८६ मध्ये रॉक अँड रोलच्या मोठ्या कलाकारांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमचं म्युझियम क्लीव्हलँडला द्यायचं ठरलं. मेम्फिसही शर्यतीत होतं. क्लीव्हलँडने सहा लाख सह्या गोळा केल्या, एका पेपरच्या फोनवरच्या मतदानात एक लाखावर मतं मिळवली, साडेसहा कोटी डॉलर सार्वजनिक पैसा देऊ केला. इमारत १ सप्टेंबर १९९५ ला उघडली, देखणी आहे. पण बाळाचं नाव आत्या ठेवते म्हणून बाळ आत्याच्या गावचं होत नाही. क्लीव्हलँडने फार तर बारशाचा मान घ्यावा, आणि शहराने जीव तोडून मेहनत केली हेही कबूल, पण तो निर्णय इतिहासापेक्षा पैशाने आणि मतांनी झाला असंच मला वाटतं.

ट्रिपमध्ये लोक ज्याच्यापुढून सरळ निघून जातात ते क्लार्क्सडेलचं रिव्हरसाइड हॉटेल. आधी ते काळ्या लोकांचं हॉस्पिटल होतं, हायवे ६१ वरच्या अपघातानंतर ब्लूज गायिका बेसी स्मिथ १९३७ मध्ये तिथेच वारली. १९४४ पासून एका बाईंनी तिथे हॉटेल चालवलं, आइक टर्नर तिथे राहायचा, रॉकेट ८८ ची तालीम तिथलीच. त्या काळी काळ्या बँडला याच हायवेवरच्या बहुतेक हॉटेलांत खोली मिळायची नाही, पेट्रोल पंपावर संडास वापरू द्यायचे नाहीत, म्हणून कुठे थांबणं सुरक्षित आहे हे सांगणारं ग्रीन बुक नावाचं पुस्तक १९३६ पासून तीसेक वर्षं निघत होतं. आज आपण रोड ट्रिप म्हणून हौसेने जातो तो रस्ता त्यांना गाडीतच झोपून काढावा लागे. २०२० च्या वादळात या हॉटेलचं नुकसान झालं.

बाकी ठिकाणांचं म्हणाल तर न्यू ऑर्लिन्सच्या त्या स्टुडिओच्या जागी बरीच वर्षं लाँड्री होती. सन स्टुडिओचा मालक साठच्या सुमाराला दुसऱ्या जागेत गेला, मूळ खोली पुन्हा स्टुडिओ म्हणून सुरू झाली ती १९८७ मध्ये. छताला अजून त्याच पांढऱ्या टाइल्स आहेत, एल्विस उभा राहायचा तिथे जमिनीवर फुलीची खूण आहे, दिवसा टूर चालतात आणि टूर संपल्या की रात्री बुकिंग करून कुणालाही रेकॉर्ड करता येतं. वाजवणाऱ्या माणसाने माझ्या मते हेच करावं, सकाळी क्लार्क्सडेलहून निघावं, दुपारी मेम्फिस, आणि रात्रीचा स्लॉट आधीच घेऊन ठेवावा. अँप मात्र टपावर बांधू नका.