मोडी लिपी

मोडी लिपी : मराठी भाषेच्या दैनंदिन लेखनासाठी वापरली गेलेली जलद लिपी. ग्रंथलेखनाची देवनागरी लिपी ‘बाळबोध’ म्हणून ओळखली जाई, तर दप्तर, पत्रव्यवहार, हिशेब आणि खते-करार यांसाठी मोडी वापरली जाई. वर्णमाला दोन्हींची जवळपास एकच असून फरक आहे तो लेखनाच्या रीतीचा.

नावाची व्युत्पत्ती आणि लिपीचा उगम हे दोन्ही प्रश्न वादग्रस्त आहेत. परंपरा मोडीचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत (तेरावे शतक) यास देते, आणि त्याने ही लिपी लंकेहून आणली अशी आख्यायिकाही सांगितली जाते. आख्यायिकेचा भाग सोडून दिला, तरी हेमाद्रीशी जोडलेला संबंध सिद्ध करील असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. यादवकालीन शिलालेख व ताम्रपट नागरीत आहेत. अर्थात दगडावरील लिपीवरून कागदावरील लिपीचा निर्णय करता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. इतिहाससंशोधक चांदोरकर यांनी ‘मौर्यी’ या शब्दापासून ‘मोडी’ साधून लिपीचे मूळ अशोककालीन ब्राह्मीत शोधले. परंतु मधल्या हजार-दीड हजार वर्षांच्या कालखंडातील दुवे त्यातून मिळत नाहीत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी फार्सीतील ‘शिकस्ता’ या घसरत्या वळणाकडे लक्ष वेधले. ‘शिकस्ता’ म्हणजे मोडलेले, त्यामुळे नावाचे साम्य लक्षणीय आहे. तथापि नस्तालिक या फार्सी लेखनशैलीपासून निघालेले शिकस्ता वळण सामान्यतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्या शतकात रूढ झाले, असे मानतात. आणि मोडीतील उपलब्ध कागदांत सर्वांत जुना म्हणून सांगितला जाणारा, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील कागद 1389 चा समजला जातो. हा काळ ग्राह्य धरल्यास शिकस्त्याचे अनुकरण ही उपपत्ती मागे पडते. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांना लिपीचे जनक मानणारे मतही याच कारणाने टिकत नाही; वळण घोटीव करण्यात चिटणिसांचा वाटा असावा, इतकेच म्हणता येते. नागरी भराभर लिहिताना तिचे कोन मोडत जाऊन लेखकवर्गाच्या हाती ही लिपी हळूहळू घडली, हे मत अधिक संभाव्य वाटते.

लेखनाची रीत पाहिली म्हणजे या मताला बळ मिळते. देवनागरीत अक्षर आधी आणि शिरोरेषा मागाहून. मोडीत कागदाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ आधी ओढून घेत आणि तिला अक्षरे टांगत. काना अक्षराच्या तळाकडून वळवून वर रेघेपर्यंत नेत, म्हणजे बोरू पुढच्या अक्षराच्या आरंभी आपोआप येऊन पोचे आणि हात उचलावा लागत नसे. इकार व उकार एकेकच असल्याने ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत. ‘राजाराम’ हे एक नाव की ‘राजा राम’ असे दोन शब्द, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. त्यात संक्षेपांची भर. तारखेतील ‘छ’ म्हणजे चंद्र (चांद्र महिन्याची तारीख), ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन (दप्तरात वापरली जाणारी एक कालगणना), आणि सनाचा आकडा अरबी शब्दांत : ‘सबैन मया व अलफ’ म्हणजे सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1170. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1769-70 येतो. हिशेबात ‘४॥’ म्हणजे साडेचार. म्हणून अक्षरओळख झाली तरी कागद वाचता येतोच असे नाही. वाचकाला त्या काळच्या दप्तराची भाषाही आली पाहिजे.

पेशवेकाळात मोडीला डौलदार, गोलाईचे रूप आले; चिटणिशी, बिवलकरी अशी वळणे सांगितली जातात. त्यापूर्वीच्या बहामनीकालीन वळणाचे नमुने तुलनेने थोडे आहेत.

मुद्रणात मोडी प्रथम श्रीरामपूर (बंगाल) येथे आली. विल्यम केरी यांच्या 1810 च्या मराठी कोशात मोडी टाइप वापरले आहेत. मात्र सलग, एकमेकांत गुंतणाऱ्या अक्षरांना छपाईचा सुटा खिळा (टाइप) मानवला नाही, आणि छपाईबरोबर बाळबोधीचे वर्चस्व वाढले. मुंबई सरकारने 1917 मध्ये कारभारासाठी बाळबोधीचा पुरस्कार केला. तरीही शाळांतून मोडीचे कित्ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गिरवले जात होते.

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तराचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) प्रामुख्याने याच लिपीत आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून संपादित केलेले 45 खंड हा निवडक भाग होय. उरलेल्या कागदांसाठी जाणते वाचक फार थोडे आहेत, आणि ही उणीव मराठ्यांच्या इतिहाससंशोधनाला आजही जाचते. तमिळनाडूत तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही भोसले राजवटीचा मोडी कागदसंग्रह आहे. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश 2014 साली (आवृत्ती 7.0) झाला.