डोंगरउतारावरची चिकण माती : दरडीच्या आधीची गोष्ट

दरड कोसळली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : मुसळधार पावसाने माती भुसभुशीत झाली आणि डोंगर खचला. यातला पाऊस खरा. भुसभुशीतपणाचं मात्र उलट आहे. सह्याद्रीच्या रानातली माती भुसभुशीत असते तोवर पाणी तिच्यातून वाट काढतं. घोळ होतो तो खाली, जिथे मातीत चिकणाचं प्रमाण वाढतं आणि पाण्याची वाट अडते. माळीण, तळिये, इर्शाळवाडी या नावांमागे असलेल्या या मातीची घडण समजून घ्यायची तर बरंच मागे जावं लागतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, एकदा नव्हे, अनेकदा. दोन प्रवाहांमध्ये जिथे पुरेसा काळ गेला, तिथे आधीच्या प्रवाहाचा वरचा भाग कुजून माती झाला आणि पुढचा लाव्हा त्याच्यावर येऊन बसला. घाटातल्या रस्त्याच्या कापात काळ्या कातळांच्या मध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसते, ती हीच. ती चिकण असते, पाणी सहसा खाली सोडत नाही. म्हणून डोंगराच्या अर्ध्या उंचीवर, अगदी आडव्या रेषेत, झरे फुटताना दिसतात. बाहेरच्या उतारावर हेच कुजणं आजही चालू आहे. कातळाचा मुरूम होतो, मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे उरतात आणि मुरमाची हळूहळू माती होते. दरडीबरोबर घरांवर येणारे गरगरीत दगड बहुतेक वेळा नदीतले नसतात, ते याच मुरमात घडलेले असतात.

पाऊस भरपूर असला की कातळातली सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं आणि मागे लोह व ॲल्युमिनियम उरतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर आणि कोकणच्या सड्यांवर त्याचाच जांभा झाला. राधानगरीच्या बाजूला तर बॉक्साइटपर्यंत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या खनिजापर्यंत, मजल गेली. या दगडाला शास्त्रीय नाव मिळालं ते केरळमध्ये. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर १८०० साली म्हैसूर, कानडा आणि मलबारच्या दौऱ्यावर निघाला. अंगाडिपुरमला त्याने लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात आणि तो हवेत कडक होतो हे पाहिलं. विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याने त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. हे १८०७ मध्ये छापून आलं. कोकणात चिरे काढणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

आपल्याकडचे शेतकरी मातीला काळी, तांबडी, भरड, मुरमाड, चोपण अशी नावं देतात आणि त्या नावांत बरंच शहाणपण आहे. पण ‘चिकण’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या स्वभावांना लागतो. ०.००२ मिलिमीटरहून बारीक कण म्हणजे चिकण, इतकीच त्याची व्याख्या. हे कण नुसती धूळ नसून स्फटिक आहेत हे क्ष-किरणांनी दाखवलं ते १९३० च्या सुमारास. त्यानंतर कळलं की तांबड्या मातीतलं केओलिनाइट हे चिकणाचं खनिज पाण्याने जवळजवळ फुगत नाही. त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण १० ते २० चौरस मीटर भरतो. काळ्या मातीतलं स्मेक्टाइट हे खनिज मात्र आपल्या थरांमध्ये पाणी घेतं. त्याचा पृष्ठभाग ग्रॅममागे ७०० चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणून ते पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं. तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडं चिकणाचे कण एकमेकांना बांधून बारीक रवाळ गोळ्या करतात. त्यामुळे प्रयोगशाळेत चिकण ठरलेली माती हाताला वाळूसारखी लागते, आणि पाणीही तसंच झिरपू देते.

पुस्तकी हिशेबाने एवढ्या पावसात स्मेक्टाइट टिकायला नको, कारण त्याला लागणारं कॅल्शियम धुऊन जातं. तरी भीमाशंकरच्या परिसरात उंचवट्यांवर तांबडी आणि खोलगट जागी काळी माती अगदी शेजारी-शेजारी आढळते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात याचं उत्तर झिओलाइटमध्ये शोधलं. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत हे खनिज ठासून भरलेलं आहे. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले त्याचे स्फटिक जगभरचे संग्राहक विकत घेतात, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते काचेआड मांडलेले आहेत. तेच खनिज मातीत विरघळत राहतं आणि पावसाने नेलेलं कॅल्शियम परत देत राहतं. मला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत आवडतो. काचेआडचा शोभेचा दगड इथे डोंगरावर शेकडो पिढ्यांचं रान पोसतो, आणि जी माती फुगायला नको तिला फुगती ठेवतो.

या मातीवर जंगल काय करतं? वरच्या वीतभर थरात अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा यांचा पाला कुजतो. गांडुळं आणि वाळवी तो खाली नेतात. मेलेल्या मुळांच्या जागी नळ्या उरतात. जाड चिकण असूनही रानातली माती पावसाळ्यात पाणी गिळते ते या नळ्यांमुळे. त्याखाली चिकणाचा वाटा वाढत जातो. ढेकूळ फोडलं तर आत मेणासारखी चकाकी दिसते. वरून धुऊन आलेलं चिकण तिथे साचलेलं असतं. कारवीची मुळं उथळ असतात. ती वरचा थर घट्ट धरतात, पण मुरमापर्यंत पोचत नाहीत.

माणसाने या उतारांना हात लावल्याची गोष्टही जुनी आहे. वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जमीन सोडायची आणि रान परत येऊ द्यायचं ही कोकणातली दळीची पद्धत. तिला सरकार जंगलाचा शत्रू मानत आलं. १८४७ मध्ये अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, पुढे १८७८ चा वनकायदा आला, आणि फिरती शेती आक्रसत गेली. भाताच्या रोपासाठी तरव्यावर फांद्या-पाला जाळायचा राबही साहेबांच्या डोळ्यांत खुपायचा. १८८९ मध्ये इंग्लंडहून आलेल्या जॉन ऑगस्टस फोल्कर या शेती-रसायनतज्ज्ञाने मात्र राबाचा विचार गांभीर्याने केला, त्याला अडाणीपणा म्हणून सोडून दिलं नाही. जाळल्याने चिकण तापून मोकळं होतं, राखेतून पालाश मिळतं, तणाचं बी मरतं. दळी गेली तरी माणसं उतारावरच राहिली, फक्त जमिनीला सोडायची वर्षं उरली नाहीत.

आता दरडीकडे. कार्ल टर्झागी या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडलं की मातीची पकड तिच्या कणांनी एकमेकांवर दिलेल्या दाबावर अवलंबून असते, आणि छिद्रांतलं पाणी तो दाब उचलून धरतं. उतारावर वरचा रानथर भराभर पाणी पितो. खालचा चिकण थर आणि त्याखालचा कातळ ते पुढे सोडत नाहीत. सांध्यात पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि वरचं सगळं एकसंध घसरतं. झाडांसकट. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगावसारख्या गावांनी हे पाहिलं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातलं तळिये गाडलं गेलं. माळीणनंतर यंत्रांनी केलेल्या जमिनीच्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं, आणि यंत्राने उतार कापला की पाण्याच्या जुन्या वाटा तुटतात हे खरंच आहे. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळलेल्या इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ताही नव्हता. बचावपथकं पायीच वर चढली. तिथे सगळा दोष खोदकामावर टाकता येत नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातल्या दरडप्रवण उतारांचे नकाशे १:५०,००० प्रमाणात करायला घेतले. या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर अंतर. माळीणसारखं गाव त्यावर नखाएवढंही भरत नाही. भीमाशंकरच्या उंचवट्यावरची तांबडी माती आणि तिला लागून असलेली खोलगटातली काळी, त्या नकाशावर एकाच रंगात जातात.