मनातली अढी आणि छातीतली धडधड

कोणीतरी आपल्याला दुखावलं होतं तो प्रसंग आठवायचा. एकदा जसा घडला तसा, एकदा त्या माणसाबद्दल मनात डूख धरून, एकदा त्याची बाजू समजून घेत आणि एकदा त्याला माफ करतोय अशी कल्पना करून. मिशिगनमधल्या होप कॉलेजात शार्लट विटव्हलिट आणि सहकाऱ्यांनी ७१ विद्यार्थ्यांकडून हे करून घेतलं आणि त्या वेळी त्यांचं शरीर काय करतंय ते यंत्रांनी टिपलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: डूख धरताना किंवा जखम उगाळताना नाडी आणि रक्तदाब जास्त वाढत होते, तळव्यांना घाम सुटत होता, कपाळाला आठ्या पडत होत्या. शिवाय ‘आता शांत बसा’ असं सांगितल्यावरही हा ताण लगेच उतरत नव्हता. माफीची कल्पना करताना तो कमी होता.

अपमान जुना असला तरी त्याची उजळणी आज चालू असते, आणि शरीराला तेवढं पुरतं. अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं आठवणीनेही स्रवतात. ज्याने दुखावलं तो तिकडे निवांत झोपलेला असतो, हे वेगळंच.

मग सूड घेऊन मोकळं का होऊ नये? सुडाला गोडी असते, हे खोटं नाही. झुरिकमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतले बक्षिसाच्या आनंदाशी निगडित भाग जागे होतात. पण २००८ मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात शिक्षा करायला मिळालेल्यांना नंतर, ती संधी न मिळालेल्यांपेक्षा वाईट वाटत होतं, कारण तो माणूस त्यांच्या डोक्यातून जातच नव्हता. उजळणी थांबायच्या ऐवजी लांबली.

मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन माफीचे दोन भाग करतात. ‘मी बदला घेणार नाही’ हा निर्णय एका क्षणात होऊ शकतो. मनातला कडवटपणा ओसरायला मात्र वेळ लागतो. त्यांच्या पद्धतीवर बेतलेली, घरी एकट्याने सोडवायची एक स्वाध्यायपुस्तिका पाच देशांतल्या ४,५९८ जणांवर तपासली गेली. काम साधारण तीन तासांचं. दोन आठवड्यांनी नैराश्य आणि चिंता, दोन्ही कमी झाल्याचं आढळलं.

इथे हुरळून जायला नको. जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा सहज माफ करणाऱ्यांच्या जोडीदारांचं आक्रमक वागणं कमी न होता तसंच चालू राहिलेलं दिसलं. त्रास चालूच असेल तर आधी तो थांबायला हवा. ‘विसरून जा, माफ कर’ असा आग्रह सोसणाऱ्यालाच धरणं मला तरी क्रूरपणाचं वाटतं.

माफीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एन्राइट यांच्या उपचारपद्धतीत तर आधीच स्पष्ट केलेलं असतं, की माफी म्हणजे समेट नव्हे, आणि गुन्ह्यावर पांघरूण घालणं तर नव्हेच. सुझॅन फ्रीडमन यांच्यासोबत त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास, कुटुंबातल्याच व्यक्तीकडून लैंगिक अत्याचार झालेल्या १२ स्त्रियांचा होता. प्रत्येकीशी स्वतंत्रपणे, दर आठवड्याला बोलणं होई. त्यांची चिंता आणि नैराश्य कमी झालं, आशा वाढली. त्याला सरासरी १४ महिने लागले.