सूक्ष्मशैवालातून रंगद्रव्य काढण्याचा उद्योग : एफएसएसएआय परवाना आणि कागदपत्रे

स्पिरुलिनातले निळे फायकोसायनिन, हिमॅटोकॉकसमधले लाल अ‍ॅस्टाझँथिन, ड्युनालिएलातले नारिंगी बीटा-कॅरोटीन ही सूक्ष्मशैवालांतली (पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म शैवालांतली) अँटिऑक्सिडंट (पेशींची ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारी) रंगद्रव्ये खाण्यासाठी विकायची, तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) परवाना घ्यावाच लागतो. व्यक्ती, भागीदारी संस्था, कंपनी, सहकारी संस्था असे कोणीही अर्ज करू शकते. मालकाला शिक्षणाची अट नाही. मात्र उत्पादनावर देखरेख ठेवणारी किमान एक व्यक्ती रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांची विज्ञान पदवीधर किंवा अन्न तंत्रज्ञानाची पदवी-पदविका घेतलेली हवी.

फॉर्म उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा : शैवालाचे पूर्ण शास्त्रीय नाव, अर्क काढण्याची पद्धत आणि रोजची मात्रा. पुढचा सगळा रस्ता यावरच ठरतो. हा घटक त्याच स्रोतासह न्यूट्रास्युटिकल (आरोग्यासाठी पूरक म्हणून घेतल्या जाणाऱ्या अन्नाच्या) विनियमांच्या अनुसूचीत, म्हणजे मान्य घटकांच्या यादीत असेल, तर थेट परवान्याचा अर्ज करता येतो. नसेल, तर 2017 च्या अनिर्दिष्ट अन्न (ज्याचे मानक नियमांत ठरलेले नाही असे अन्न) विनियमांखाली आधी मंजुरी घ्यावी लागते. तिथे नमुना 1 मधील अर्ज, 50,000 रुपये शुल्क, उत्पादन प्रक्रिया, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा विश्लेषण अहवाल, विषारीपणा आणि अ‍ॅलर्जीविषयीची माहिती, इतर देशांतली मान्यता असे सारे मागतात. वाळवलेली पावडर आणि तिच्यातून काढलेला घट्ट अर्क यांची गल्लत करू नका. शैवाल वर्षानुवर्षे खाल्ले जाते म्हणून त्याचा अर्कही आपोआप मान्य होत नाही. रंगद्रव्य केवळ खाद्यरंग म्हणून विकायचे असेल, तर अन्न मिश्रकांचे (अन्नात मिसळायच्या रंगासारख्या पदार्थांचे) नियम लागू होतात.

न्यूट्रास्युटिकल बनवणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी केंद्रीय परवाना लागतो. साधी नोंदणी पुरत नाही. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर, नमुना ब मध्ये करायचा. सोबत मोजमापांसह जागेचा आराखडा, यंत्रांची यादी (संख्या, क्षमता आणि अश्वशक्तीसह), जागेच्या ताब्याचा पुरावा, संचालक किंवा भागीदारांची यादी, ओळखपत्र, भागीदारी करार किंवा कंपनीची घटना, जबाबदार व्यक्तीच्या नेमणुकीचा नमुना 9, पाण्याचा रासायनिक आणि जिवाणू तपासणी अहवाल, अन्न सुरक्षा व्यवस्थापन आराखडा आणि माल परत बोलावण्याची योजना.

खरी मेहनत व्यवस्थापन आराखड्यावर घ्या. फायकोसायनिन पाण्यात उतरते, पण उष्णतेने लवकर बिघडते. म्हणून वाळवण्याचे तापमान लिहा. हिमॅटोकॉकसची पेशीभित्ती जाड असते, ती फोडल्यावर रंगद्रव्य काढायला द्रावक (ते विरघळवून घेणारे रसायन) किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात. द्रावक वापरणार असाल, तर तो मालात किती उरतो आणि कसा तपासता हेही लिहा. शैवाल पाण्यातले जड धातू शोषून घेते, त्यामुळे शिसे, आर्सेनिक, कॅडमियम आणि पारा यांची चाचणी प्रत्येक खेपेला करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हा माल कोणीतरी आरोग्यासाठी विश्वासाने रोज खाणार असतो.

महाराष्ट्रात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र वेगळे काढावे लागते. अल्कोहोल वापरणाऱ्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडेही विचारणा करावी.

अर्जात त्रुटी निघाल्यास उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. ते चुकले तर अर्ज फेटाळला जातो. नंतर जागेची तपासणी होते. पूर्ण अर्जावर 60 दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. वेष्टनावर परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना ठळक छापावी लागते. रोग बरा होतो असा दावा चालत नाही.