डिस्प्ले सेटिंग आणि स्पीडरनची वेळ

व्हिडिओ गेम शक्य तितक्या कमी वेळात संपवण्याच्या स्पर्धाप्रकारास स्पीडरन म्हणतात. फ्रेमदर (खेळ सेकंदाला किती चित्रे म्हणजे फ्रेम काढतो), रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो), रिझोल्यूशन, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी जुळवणे), चित्राचे गुणोत्तर अशी पडद्याशी निगडित सेटिंग बदलल्याने या वेळेत फरक पडतो का, आणि पडत असल्यास किती, हे तपासण्याच्या चाचण्यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. चित्र हे खेळाचे बाह्यरूप आहे, त्याखालचा खेळ त्यापासून स्वतंत्र चालतो, असा सर्वसाधारण समज असतो. पुष्कळ खेळांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. येथे तीन घड्याळे एकाच वेळी चालू असतात : भिंतीवरचे घड्याळ, खेळाच्या आतले घड्याळ आणि दर फ्रेमला एक ठोका देणारे पडद्याचे घड्याळ. यांपैकी कोणते घड्याळ कोणाला चालवते, हे ठरवल्याशिवाय सेटिंगविषयीच्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ राहत नाही.

उगम : चित्र आणि वेग यांच्या सांगडीचे आरंभीचे उदाहरण म्हणून बहुधा टायटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) हा खेळ दिला जातो. टोमोहिरो निशिकाडो यांनी तयार केलेल्या या खेळात ११ स्तंभ आणि ५ ओळी असे ५५ शत्रू असतात. ते मरत जातात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. याची दोन स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. पहिल्यानुसार काढायची चित्रे कमी झाल्याने प्रोसेसरवरचा भार हलका होतो आणि त्यामुळे सगळा खेळच वेगाने चालू लागतो. दुसरे स्पष्टीकरण खेळाच्या प्रोग्रामची उकल करणाऱ्यांचे आहे. त्यांच्या मते प्रत्येक फ्रेमला एकच शत्रू हलवला जातो. ५५ शत्रू असताना सर्वांची एक फेरी पुरी व्हायला ५५ फ्रेम, म्हणजे सुमारे ०.९ सेकंद लागतात, १० उरले की त्याच फेरीला १० फ्रेम पुरतात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वेग शत्रूंच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात का वाढतो, याचा हिशोब त्यातच नेमका लागतो. नुसता भार कमी होण्याने तो इतका काटेकोर लागला नसता. निशिकाडो यांनी हा परिणाम मुद्दाम राहू दिला, एवढ्यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

दूरचित्रवाणीची प्रमाणे : घरगुती कन्सोलच्या काळात खेळाचा ठोका टीव्हीच्या प्रमाणावर बेतला जाई. अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत सेकंदाला सुमारे ६० आणि युरोपच्या बऱ्याच भागात व भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) दाखवली जातात. ६० च्या ठोक्यासाठी लिहिलेला खेळ काहीही बदल न करता ५० वर चालवला, तर त्याचा वेग पाच-षष्ठांश होतो. सहा मिनिटांच्या रनला (एका पूर्ण खेळीला) सात मिनिटे बारा सेकंद लागतात. भारतात १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण पाल पद्धतीने सुरू झाले. पुढे आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडले गेलेले कार्ट्रिजचे व्हिडिओ गेम हे बहुतेक निन्टेन्डोच्या एनईएस यंत्राचे क्लोन, म्हणजे नकला, होते. पाल टीव्हीसाठी जुळवलेल्या अशा यंत्रावर मारिओ खेळत वाढलेल्यांना मूळ जपानी वेगाचे संगीत पुढे ऐकल्यावर ते घाईचे वाटणे स्वाभाविक आहे. या कारणामुळे पाल आणि एनटीएससी आवृत्त्यांच्या वेळा बहुतेक क्रमवारींत वेगळ्या दाखवतात किंवा तशी नोंद तरी करतात.

‘सुमारे ६०’ हा शब्दप्रयोग सामान्य खेळाडूला पुरतो, स्पीडरनला पुरत नाही. निन्टेन्डोच्या एनटीएससी एनईएस यंत्राचा खरा दर सेकंदाला सुमारे ६०.०९८८ फ्रेम आहे, तर एनटीएससी रंगीत प्रक्षेपणाचा ५९.९४. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) या खेळाचा विक्रम २०२१ मध्ये ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत आला. एखाद्या एम्युलेटरने (संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) आपला ठोका बरोबर ६० हर्ट्झच्या मॉनिटरशी व्ही-सिंकने बांधून घेतला, तर तेवढ्या लांबीच्या रनमध्ये जवळजवळ अर्धा सेकंद वाढतो. हा अर्धा सेकंद क्षुल्लक नाही. या खेळात टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा दर २१ फ्रेमनीच सुरू होऊ शकतो. खेळाडू याला फ्रेमरूल म्हणतात आणि तो सुमारे ०.३५ सेकंदाचा असतो. म्हणजे मॉनिटरच्या एका सेटिंगने एका संपूर्ण फ्रेमरूलपेक्षा अधिक वेळ जातो, आणि या पातळीवरचे खेळाडू एकेका फ्रेमरूलसाठी महिनोन्‌महिने सराव करतात.

‘डूम’ (१९९३) हा संगणकावरील खेळ याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्याचे अंतर्गत घड्याळ सेकंदाला ३५ ‘टिक’ मोजते. हा आकडा त्या काळच्या संगणकांच्या व्हीजीए पडद्याच्या ७० हर्ट्झच्या निम्मा म्हणून निवडला गेला, असे सामान्यतः मानले जाते. संगणक मंद असला तर चित्रे गाळली जातात, टिक गाळले जात नाहीत. दाबलेल्या बटनांची नोंदही टिकनुसार ‘डेमो’ फाइलमध्ये होते. त्यामुळे चित्राची चौकट लहान केली किंवा तपशील कमी ठेवला, तरी नोंदवलेली वेळ तीच राहते. १९९४ पासून डूमच्या वेळांची क्रमवारी ठेवणे शक्य झाले त्यामागे हे एक कारण असावे : वेगवेगळ्या यंत्रांवरच्या रन एकाच मापाने मोजता येत होत्या.

पूर्णांकाचा प्रश्न : फ्रेमदराचा परिणाम सर्वांत तपशिलाने अभ्यासला गेला तो ‘क्वेक ३ अरीना’ (१९९९) या खेळात. सेकंदाला १२५ फ्रेम ठेवल्यास उडी उंच जाते, हे खेळाडूंना अनुभवाने लवकरच कळले होते. काहींनी याचे श्रेय नितळ चित्राला आणि त्यामुळे सुधारणाऱ्या अंदाजाला दिले. हे मत आता मागे पडले आहे, आणि ते योग्यच झाले. या खेळात प्रत्येक फ्रेमचा कालावधी पूर्ण मिलिसेकंदांत धरतात आणि प्रत्येक फ्रेमअखेर वेगाचे घटक जवळच्या पूर्णांकावर आणले जातात. गुरुत्वाकर्षण ८०० एकक असते. १२५ फ्रेमदरावर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची. तेवढ्यात वेग ६.४ ने घटायला हवा, पण पूर्णांकीकरणामुळे तो ६ नेच घटतो. परिणामी गुरुत्वाकर्षण ७५० असल्यासारखे वागते. ६० फ्रेमदराची मर्यादा ठेवली तर फ्रेम १६ मिलिसेकंदांची होते, १२.८ ऐवजी १३ वजा होतात आणि गुरुत्वाकर्षण ८१२.५ भरते. ३३३ वर फ्रेम ३ मिलिसेकंदांची, २.४ ऐवजी २, म्हणजे सुमारे ६६७.

उडीचा आरंभवेग २७० धरला तर शुद्ध गणिताने उंची सुमारे ४५.६ एकक यायला हवी. ६० फ्रेमदरावर ती ४४.९, १२५ वर ४८.६ आणि ३३३ वर ५४.७ च्या आसपास येते. दर जितका जास्त तितकी उडी उंच, असा सरळ नियम मात्र यातून निघत नाही. ९० वर फ्रेम ११ मिलिसेकंदांची असते, ८.८ चे ९ होतात आणि उडी ६० पेक्षाही किंचित ठेंगणी पडते. चाचणी घेणाऱ्यांनी फक्त दोनच सेटिंग ताडून पाहिली असती, तर त्यांच्या हाती हमखास चुकीचा नियम लागला असता. पुढे खेळात फ्रेमदरापासून हालचाल स्वतंत्र करणारे, ८ मिलिसेकंदांचे ठरावीक पाऊल घेणारे सेटिंग आले. उड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘डीफ्रॅग’ या मॉडमध्ये (मूळ खेळात बदल करून केलेल्या आवृत्तीत) १२५ हाच दर रूढ आहे.

चित्राचा भार : आणखी एका प्रकारात सेटिंग खेळाचे नियम बदलत नाही, यंत्राचे काम बदलते. निन्टेन्डो ६४ वरील ‘गोल्डनआय ००७’ (१९९७) मध्ये जमिनीकडे पाहत धावणे ही प्रस्थापित युक्ती आहे. दृश्यात वस्तू कमी आल्या की लॅग (भारामुळे खेळ मंदावणे) घटतो आणि वेळ वाचतो. याच खेळात चित्र फुल, वाइड किंवा सिनेमा ठेवण्याचा आणि गुणोत्तर बदलण्याचा पर्याय आहे. वर-खाली काळे पट्टे आले म्हणजे रंगवायचे पिक्सेल कमी, म्हणून वेग जास्त, हा तर्क सहज सुचतो. परंतु काळ्या पट्ट्यांनी पिक्सेल भरण्याचेच काम वाचते. शत्रूंचे वर्तन, टक्करींचा हिशोब आणि भूमितीचा बराच भाग तसाच राहतो. यंत्र नेमके कोठे अडकते आहे हे जागेगणिक बदलते, म्हणून एका खोलीत घेतलेली चाचणी संपूर्ण टप्प्याला लावता येत नाही. भर म्हणजे खेळातले घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवते. ‘डॅम’ या टप्प्याचा विक्रम सुमारे दीड दशक ५३ सेकंदांवर थांबला होता, तो डिसेंबर २०१७ मध्ये ५२ वर आला. एवढ्या जाड मापाने सेटिंगमुळे वाचलेला दशांश सेकंद दिसणारच नाही. त्यासाठी चित्रीकरणातील फ्रेम मोजाव्या लागतात.

चाचणीची पद्धत : सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे माणसाला बाजूला ठेवणे. आधीच नोंदवलेली बटनांची मालिका यंत्राकडून जशीच्या तशी परत खेळवून घेतात आणि एका वेळी एकच सेटिंग बदलतात. ती मालिका दुसऱ्या सेटिंगवर मध्येच ‘सुटली’, म्हणजे पात्र भलत्याच ठिकाणी पोहोचले, तर तोच एक निष्कर्ष असतो : सेटिंग खेळाच्या आतपर्यंत शिरते आहे. हे शक्य नसेल तेव्हा माणसाकडून छोटा तुकडा, उदाहरणार्थ एक सरळ धाव किंवा एक लोडिंग, पुन्हापुन्हा करून घेतात. येथे क्रमाला महत्त्व आहे. पहिल्या वेळी डिस्कवरून आलेली माहिती दुसऱ्या वेळी मेमरीतून येते. आधी दहा वेळा जुने सेटिंग आणि मग दहा वेळा नवे, असे केल्यास नवे सेटिंग उगाच वेगवान ठरते. म्हणून दोन्ही आलटून पालटून घ्यावीत. संगणकावर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर स्वतःच भार टाकते, तेव्हा ते दोन्ही वेळा सारखेच चालू असले पाहिजे. ६० फ्रेमच्या चित्रीकरणातून काढलेल्या प्रत्येक वेळेत दोन्ही टोकांना मिळून एखाद्या फ्रेमची, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांची अनिश्चितता राहते. त्याहून लहान फरक एका मोजणीवरून सांगू नये.

पडद्याचा विलंब हा विषय यापासून वेगळा ठेवला पाहिजे. व्ही-सिंक किंवा टीव्हीतील चित्रसुधारणेमुळे बटन दाबल्यापासून दिसेपर्यंतचा काळ वाढतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हा विलंब नगण्य असतो, म्हणून जुन्या कन्सोलचे कित्येक खेळाडू अजूनही ते जड टीव्ही जपून ठेवतात. त्याने खेळाचे घड्याळ बदलत नाही, खेळाडूचा हात चुकतो.

नियम : संगणकावरील खेळांत फ्रेमदराची मर्यादा बहुधा नियमावलीतच लिहिलेली असते. ‘डार्क सोल्स २’ च्या २०१४ च्या संगणक आवृत्तीत ६० फ्रेमदरावर शस्त्रे ३० च्या दुप्पट वेगाने झिजत. ही चूक २०१५ मध्ये दुरुस्त झाली. महाराष्ट्रातील सायबर कॅफेंत आणि घरच्या संगणकांवर एक पिढी ज्या खेळांवर वाढली त्या ‘जीटीए व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ यांच्या डिस्प्ले मेन्यूत ‘फ्रेम लिमिटर’ नावाची ओळ असे. चित्र नितळ दिसावे म्हणून ती अनेकांनी बंद केली असेल. पहिल्यात ती फ्रेमदर ३० वर आणि दुसऱ्यात २५ वर रोखते. ‘सॅन अँड्रियास’मध्ये ती बंद करून फ्रेमदर बराच चढला की पोहणारे पात्र पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहते.